रिकाम्या नळांतील हवा

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे पहिल्यानें लागले ते १८६५ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत. दिवे लावणारा मनुष्य एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे जात असतां त्याच्यामागें बघ्यांचा मोठा घोळका चालत होता, असें जुन्या वर्णनांत आढळतें. तेल नाहीं, वात नाहीं, आणि नळीच्या तोंडाशीं ज्वाला नेतांच लख्ख उजेड पडतो, हें पाहून लोक थक्क झाले यांत नवल नाहीं. त्या घोळक्याचें सारें लक्ष वर दिव्याकडे होतें. पायांखालच्या मातींत पुरलेल्या लोखंडी नळांचा विचार त्या रात्रीं कोणाच्या मनांत येण्याचें कारण नव्हतें.

तथापि पहिला दिवा लागण्यापूर्वीं त्या नळांत एक नाजूक क्रिया पार पाडावी लागली होती. नवा नळ घातला म्हणजे तो रिकामा आहे असें व्यवहारांत म्हणतात. वास्तविक तो हवेनें कांठोकांठ भरलेला असतो. ती हवा हुसकून लावून तिच्या जागीं गॅस आणावयाचा, आणि तो अशा बेतानें कीं जेथें या दोहोंची गांठ पडते तेथें ठिणगीची गांठ पडूं नये, हीच ती क्रिया. गळतीचा प्रश्न वेगळा ठेवला तर गॅसच्या नळाच्या सबंध आयुष्यांत सर्वांत धोक्याची घटका ही पहिली होय. तितकीच धोक्याची दुसरी घटका म्हणजे शेवटची. कारण जुना नळ बंद करून त्यांतील गॅस काढून घेतला म्हणजे हवा पुन्हां आंत शिरते. या दोन घटकांचें ज्ञान माणसास फार लवकर झालें. परंतु तें पुनःपुन्हां विसरलें गेलें, आणि त्या विसराची किंमत बहुतेक वेळां नळ जोडणाऱ्या कामकऱ्यांना द्यावी लागली.

मुंबईस ही विद्या विलायतेहून आली. तिकडे विल्यम मर्डॉक यानें कॉर्नवॉल परगण्यांतील रेडरूथ गांवीं १७९२ सालीं कोळशापासून काढलेल्या गॅसनें आपलें घर उजळलें. १८०७ सालीं लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर विन्सर नांवाच्या खटपटी गृहस्थानें गॅसचे दिवे लावून दाखविले, आणि १८१२ सालीं तेथें पहिल्या मोठ्या गॅस कंपनीस सनद मिळाली. सॅम्युएल क्लेग हा तिचा इंजिनियर. १८१३ सालच्या ३१ डिसेंबरच्या रात्रीं वेस्टमिन्स्टर पुलावर गॅसचे दिवे लागले. परंतु नेहमींचे दिवे लावणारे नोकर त्यांस हात लावण्यास तयार होईनात, तेव्हां क्लेगनें स्वतःच ते लावले असें सांगतात. लोकांची समजूत अशी कीं, नळांतून ज्वालाच वाहत येते. म्हणून नळ भिंतीस चिकटून बसवूं नयेत, भिंत तापून पेट घेईल, असा आग्रह शहाण्यासुरत्या लोकांनींही धरला होता. आज या समजुतीचें हंसूं येतें. पण भीति खरी होती, फक्त तिची जागा चुकली होती.

ती जागा कोणती हें क्लेगला पक्कें ठाऊक होतें. गॅसच्या प्रचंड टांक्या शहरांत ठेवणें सुरक्षित आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं सर जोसेफ बँक्स यांच्या नेतृत्वाखालीं रॉयल सोसायटीची एक समिति त्याच्या कारखान्यांत आली होती. पाहुण्यांची शंका फिटेना, तेव्हां क्लेगनें कुदळ आणवून भरलेल्या टांकीच्या अंगास भोंक पाडविलें आणि बाहेर येणाऱ्या गॅसला पेटती मेणबत्ती लावली, अशी कथा आहे. विद्वान मंडळी मागें सरली. झालें इतकेंच कीं, भोंकाच्या तोंडाशीं एक ज्योत शांतपणें जळत राहिली. टांकींत हवेचा लवलेश नव्हता, म्हणून आंत आग शिरणें शक्यच नव्हतें. प्रयोग धाडसाचा खरा, पण त्यांतलें तत्त्व पूर्णपणें शास्त्रशुद्ध होतें: निव्वळ गॅस फुटत नाहीं, निव्वळ हवाही फुटत नाहीं, फुटतें तें दोहोंचें मिश्रण. हीच टांकी अर्धवट भरलेली व हवा मिसळलेली असती, तर क्लेगचें नांव निराळ्याच कारणासाठीं इतिहासांत राहिलें असतें.

मिश्रणासही मर्यादा आहेत. १८१५ सालीं सर हंफ्री डेव्ही यानें खाणींतील ज्वालाग्राही वायूवर प्रयोग केले, त्यांत असें दिसून आलें कीं, हवा फार थोडी किंवा फार जास्त असेल तर तो वायु स्फोट पावत नाहीं. आजच्या मोजमापाप्रमाणें नैसर्गिक गॅसचा मुख्य घटक जो मिथेन, तो हवेंत शेंकडा ५ पासून शेंकडा १५ पर्यंत असला म्हणजे मिश्रण स्फोटक होतें. कोळशाच्या गॅसमध्यें हायड्रोजन पुष्कळ असल्यामुळें त्याची वरची मर्यादा शेंकडा ३० च्या आसपास जाते. म्हणजे जुन्या काळच्या कामगारांना धोक्याचा पट्टा कितीतरी रुंद होता. डेव्हीनें आणखी एक गोष्ट पाहिली. बारीक छिद्रांतून ज्वाला पलीकडे जात नाहीं. त्याचा जाळीचा सुरक्षित दिवा याच शोधांतून निघाला, आणि नळांतील हवा बाहेर सोडण्याच्या तोंडाशीं ज्वाला अडविण्याचें जें साधन बसवितात, तें त्याच दिव्याचें भावंड म्हणतां येईल.

इतकें माहीत असूनही १८८० सालच्या ५ जुलैला लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडच्या परिसरांत काय झालें तें पाहण्यासारखें आहे. तेथें मोठ्या व्यासाचा एक नवा मुख्य नळ घालून जुन्या नळास जोडण्याचें काम चाललें होतें. नवा नळ अद्याप सुरू झालेला नव्हता. कागदोपत्रीं तो रिकामाच. परंतु त्यांत गॅस शिरून हवेशीं मिसळला होता, आणि त्या मिश्रणास ज्वाला लागली. स्फोट एका ठिकाणीं होऊन थांबला नाहीं. तो नळाच्या वाटेनें धांवत पर्सी स्ट्रीट, शार्लट स्ट्रीट अशा रस्त्यांखालून गेला आणि फरसबंदी ठिकठिकाणीं उखडली गेली. घरांच्या कांचा व भिंती फुटल्या. कामावरचीं माणसें दगावलीं, अनेकजण जखमी झाले. लांब नळांत ज्वाला पुढें पुढें जातांना मंद होण्याऐवजीं वेग घेते, हें या रस्त्यांनीं दाखवून दिलें. पुढच्याच वर्षीं, १८८१ सालीं, फ्रान्समध्यें बर्थेलो व व्येल या जोडीनें आणि मालार व ल शातलिये या दुसऱ्या जोडीनें नळ्यांवर प्रयोग करून असें सिद्ध केलें कीं, कांहीं मिश्रणांत ही ज्वाला दर सेकंदास एक किलोमीटरहूनही अधिक वेगानें धांवूं शकते. अशा ज्वालेपुढें पळून जाण्याची गोष्टच बोलावयास नको.

मग नळ भरावा तरी कसा? यांत पहिली गोष्ट अशी कीं, तो भरण्यापूर्वीं पक्का आहे हें हवेच्या दाबानें तपासावें लागतें, आणि सांधे साबणाच्या पाण्यानें पाहावे लागतात. सांध्यावरून पेटती मेणबत्ती फिरवून गळती शोधण्याची जुनी रीत कित्येक फिटरांच्या अंगवळणीं पडली होती. तिनें गळती सांपडे खरी, पण कधीं कधीं शोधणारा सांपडत नसे. नळ पक्का ठरला कीं एका टोंकाकडून गॅस आंत घ्यावयाचा व दुसऱ्या टोंकास उभी नळी लावून हवा उघड्यावर, उंच, माणसांपासून व विस्तवापासून दूर सोडावयाची. येथें अडाणी मनुष्य हमखास एक चूक करतो. भीतीपोटीं तो गॅस अगदीं हळूहळू सोडतो. सावकाश म्हणजे सुरक्षित, हा व्यवहारांतला नियम येथें उलटा पडतो. गॅस हवेहून हलका असल्यामुळें मंद गतीनें शिरला म्हणजे तो हवेला पुढें ढकलीत नाहीं. नळाच्या वरच्या अंगानें सरपटत पुढें जातो आणि खालीं हवा तशीच पडून राहते. मग दोहोंच्या मधला स्फोटक पट्टा एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत पसरतो. म्हणून गति अशी ठेवावी लागते कीं गॅस दट्ट्याप्रमाणें हवेला समोर रेटीत जाईल व मिश्रणाचा पट्टा आंखूड राहील. आणि एकदां सुरुवात केल्यावर मध्येंच थांबूनही चालत नाहीं.

मोठ्या कामांत गॅस व हवा यांच्यामध्यें नत्रवायूचा, म्हणजे नायट्रोजनचा, एक लोंढा सोडतात. तो न जळणारा असल्यामुळें दोहोंची भेटच होऊं देत नाहीं. पण तोही निर्धोक नव्हे. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि खड्ड्यांत किंवा कोंदट खोलींत तो सांचला तर मनुष्य गुदमरून पडतो व आपण कां पडलों हेंही त्यास कळत नाहीं. मुख्य नळ साफ झाला तरी आडव्या फांट्यांच्या बंद टोंकांना हवा अडून बसते; तीं टोंकें एकेक करून मोकळीं करावीं लागतात. प्लास्टिकच्या नळांचा प्रसार झाल्यापासून त्यांच्या अंगावर सांचणाऱ्या विजेचीही धास्ती घ्यावी लागते. आणि काम संपलें कीं नाहीं हें अंदाजानें न ठरवितां बाहेर येणाऱ्या वायूंत गॅसचें प्रमाण किती हें यंत्रानें मोजून ठरवावें लागतें.

हें शास्त्र नीट पाळलें म्हणजे काय साधतें याचें उदाहरण ब्रिटननेंच घालून दिलें. उत्तर समुद्रांत नैसर्गिक गॅस सांपडल्यावर १९६७ पासून १९७७ पर्यंतच्या दहा वर्षांत तेथील सुमारें १ कोटी ३० लाख ग्राहकांचा कोळशाचा गॅस बदलून नवा देण्यांत आला. कॅनव्ही बेटावर १९६६ सालीं आधीं चांचणी झाली होती. शहराचा एकेक विभाग तोडून घ्यावयाचा, नळांतील जुना गॅस रस्त्यांतल्या उभ्या नळ्यांच्या तोंडाशीं जाळून टाकावयाचा, त्याच्या मागोमाग नवा आणावयाचा आणि घरोघरच्या शेगड्यांचे बर्नर बदलावयाचे, असा तो क्रम होता. गॅसच्या मागें गॅसच येत असल्यामुळें मुख्य नळांत हवेला शिरकावच मिळत नसे. क्लेगच्या टांकीचें तत्त्व येथें सबंध देशाच्या नळांस लागू झालें.

परंतु नैसर्गिक गॅसबरोबर एक नवी अडचण आली. कोळशाच्या गॅसला स्वतःची उग्र दुर्गंधी असे. नैसर्गिक गॅसला मुळींच वास नाहीं. १९३७ सालच्या १८ मार्च रोजीं अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत न्यू लंडन नांवाच्या गांवीं शाळेच्या इमारतीखालीं असा निर्गंध गॅस सांचला आणि विजेच्या उपकरणाच्या ठिणगीनें सबंध शाळा उडाली. २९० हून अधिक जीव गेले. त्यांत बहुतेक मुलें होतीं. ज्या घरांतून सकाळीं दप्तरें गेलीं त्या घरांत तीं परत आलीं नाहींत. त्यानंतर गॅसमध्यें दुर्गंधी द्रव्य मिसळण्याची सक्ति झाली. हा सुधारणेचा मोठा टप्पा खरा, पण त्याबरोबरच एक खोटा विश्वासही जन्मास आला: नाक सांगेल.

नवीन पोलादी नळ आंतून त्या गंधद्रव्याला शोषून घेतो. शिवाय एकच वास सतत येत राहिला तर नाकच बधिर होतें. २००९ सालच्या ९ जून रोजीं अमेरिकेंतीलच उत्तर कॅरोलायना संस्थानांत, गार्नर येथील मांसपदार्थांच्या एका कारखान्यांत पाणी तापविण्याचें नवें यंत्र बसविलें जात होतें. त्याच्या नव्या नळांतील हवा बाहेर काढतांना ती उघड्यावर न सोडतां इमारतीच्या आंतच सोडण्यांत आली, आणि गॅस किती सांचला हें नाकानें ठरविण्यांत येत होतें. स्फोटांत इमारतीचा मोठा भाग कोसळला. चार कामगारांचा अंत झाला, साठांहून अधिक जखमी झाले. चौकशी करणाऱ्या केंद्रीय मंडळानें २०१० सालच्या ४ फेब्रुवारीस तांतडीची शिफारस केली: नळांतील हवा व गॅस इमारतीबाहेर सोडावा, यंत्रानें मोजावा, वासावर विसंबूं नये.

ती शिफारस होऊन तीन दिवस झाले नाहींत तोंच, ७ फेब्रुवारीस, रविवारीं सकाळीं कनेक्टिकट संस्थानांतील मिडलटाऊन येथें नव्या वीजघरांत दुसरा स्फोट झाला. तेथें नळ नुसता भरण्याचें काम नव्हतें. नळांतील गंज व कचरा काढून टाकण्यासाठीं खुद्द गॅसच प्रचंड दाबानें आंतून फुंकला जात होता व इमारतींच्या मधल्या अडचणीच्या जागेंत सोडला जात होता. शेवटच्या दहा मिनिटांत सुमारें ४ लाख घनफूट गॅस तेथें बाहेर पडला होता, आणि आसपास दुसरीं कामेंही चालूंच होतीं. सहा माणसें मेलीं. हाच कचरा साध्या दाबलेल्या हवेनें किंवा नत्रवायूनें फुंकून काढतां येतो. ती पद्धति त्या वेळीं अज्ञात होती असेंही नाहीं. गॅस हाताशीं होता, हवेसाठीं वेगळीं यंत्रें आणावीं लागलीं असतीं, इतकाच फरक.

कनेक्टिकटच्या गव्हर्नरनें त्याच वर्षीं हुकूम काढून गॅसनें नळ फुंकण्यास बंदी केली व १९११ नव्हे, २०११ सालीं, क्लेगच्या मेणबत्तीनंतर जवळजवळ दोन शतकांनीं, त्या बंदीचा कायदा झाला. त्याच सुमारास अमेरिकेंतील अग्निसंरक्षण संस्थेनें नळ साफ करणें व भरणें एवढ्याच विषयावर एक स्वतंत्र नियमावली प्रसिद्ध केली. मुंबईंत १९९५ सालीं स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीचे नळ आतां लाखो स्वयंपाकघरांपर्यंत पोंचले आहेत. नवी जोडणी देतांना घरांतली नळी बोटभर जाडीची असते व तींतील हवाही थोडीच. तरीसुद्धां ती हवा निघून जाईपर्यंत खिडकी उघडी, विजेचीं बटणें जशींच्या तशीं आणि देवघरांतली समई विझलेली असावी लागते. एवढें झाल्यावर मग शेगडीस काडी लावावयाची.