ट्वेन: स्कॅनर आणि फोटोशॉपची सोयरीक



आमच्या गावच्या घरात आजोबांचा एक फोटो आहे. मागे निळंशार आकाश, चेहऱ्यावर एकही सुरकुती नाही आणि उजव्या खांद्यावर कुणाचीतरी चार बोटं. आजोबा गेले तेव्हा तालुक्याच्या दुकानात एका ग्रुप फोटोतून त्यांना असं कापून काढलं. मूळ फोटो पुढे एका पावसाळ्यात कपाटात भिजून गेला. दुकानदाराकडे तरी स्कॅन असेल ना? नव्हता. कारण फोटो स्कॅनरमधून थेट फोटोशॉपमध्ये गेला होता आणि सेव्ह झालं ते फक्त आकाशवालं काम.

तर आजचा विषय हाच. ही ‘थेट’ची सोय आली कुठून?

सुरुवात 1957 ची, अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधली. रसेल कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिरत्या ड्रमचा स्कॅनर तिथल्या ‘सीक’ या कॉम्प्युटरला जोडला. पहिला फोटो कर्श यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डनचा. पाच सेंटिमीटरचा चौकोन, 176 गुणिले 176, म्हणजे 30,976 ठिपके. स्कॅनरला फक्त काळं किंवा पांढरं कळायचं. म्हणून एकच फोटो वेगवेगळ्या उजेडाच्या मर्यादा लावून पुन्हा पुन्हा स्कॅन केला, एकावर एक रचला आणि करडा रंग मिळवला.

आता एकदम तीसेक वर्षं पुढे येऊ. फोटोशॉप 1990 च्या फेब्रुवारीत ॲडोबीच्या नावाने आलं हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्याआधी थॉमस आणि जॉन नॉल या भावांचा हा प्रोग्राम बार्नीस्कॅन नावाच्या स्लाइड स्कॅनरसोबत विकला गेला होता, साधारण 200 प्रती. म्हणजे बघा, फोटोशॉप बाजारात पहिल्यांदा गेलं तेच स्कॅनरचं बोट धरून.

अडचण अशी की प्रत्येक स्कॅनरची भाषा वेगळी. पाच स्कॅनर आणि पाच सॉफ्टवेअर असतील तर पंचवीस दुभाषे लागणार. 1992 मध्ये एचपी, कोडॅक, लॉजिटेक, आल्डस अशा कंपन्यांनी मिळून एक सामाईक भाषा ठरवली: ट्वेन. स्कॅनरवाल्याने आपला एक ड्रायव्हर लिहायचा, सॉफ्टवेअरवाल्याने ट्वेन बोलायचं, मध्ये एक मॅनेजर. पंचविसाचे दहा झाले. फाईल मेन्यूत ‘अक्वायर’ दाबलं की स्कॅनरची खिडकी तिथेच उघडायची आणि फोटो समोर यायचा.

‘ट्वेन’ म्हणजे जुन्या इंग्रजीत ‘दोन’. हे नाव किपलिंगच्या ‘द बॅलड ऑफ ईस्ट अँड वेस्ट’ या कवितेतून घेतलं. किपलिंगचा जन्म 1865 चा, आपल्या मुंबईतल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला. त्याचे वडील तिथे शिकवायचे.

पण या सोयरिकीत एक गोम होती. ट्वेनच्या नियमांत चित्र थेट मेमरीत देणं ड्रायव्हरला सक्तीचं, डिस्कवर फाईल करून देणं ऐच्छिक. त्यामुळे फोटोशॉपमध्ये उघडायचं ते ‘अनटायटल्ड’. त्याची फाईल अजून कुठेच नाही! तुम्ही डाग पुसले, पार्श्वभूमी बदलली आणि मग सेव्ह केलं, तर मूळ स्कॅन कधी अस्तित्वातच नव्हता. मी प्रोग्रामर आहे. मेमरीतला डेटा आधी लिहून ठेवावा हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. त्या दुकानदाराला कोण सांगणार? डिस्कवरची जागा तेव्हा महाग होती, आणि गिऱ्हाईक उभं होतं.

पुढे प्रोग्राम 64 बिटचे झाले, जुने 32 बिट ड्रायव्हर त्यांत थेट चालेनात. 2010 च्या सुमारास ट्वेनचं प्लगिन फोटोशॉपमध्ये वेगळं बसवावं लागायला लागलं. स्कॅनरच्याच प्रोग्राममधून फाईल करायची आणि मग ती उघडायची, असा लांबचा रस्ता लोकांच्या गळ्यात पडला. लोक वैतागले. मला मात्र तो रस्ता बरा वाटतो.

घरचे फोटो स्कॅन करणार असाल तर एवढंच करा. 600 डीपीआय, टिफ फाईल, काहीही न पुसता आधी सेव्ह. मागची बाजूसुद्धा, कारण नावं तिथेच लिहिलेली असतात. मग कॉपीवर हवं ते आकाश लावा.

आमच्याकडे ती चार बोटं कुणाची यावर अजून वाद आहे. आत्या म्हणते धाकट्या काकांची, आई म्हणते आजीची.