पक्क्या रंगाचे सांडपाणी

रंग पक्का उतरणे हा रंगाऱ्याच्या कसबाचा जुना मान. मंजिष्ठेचा तांबडा धागा धरून राहावा म्हणून सूत आधी हिरड्याच्या आणि तुरटीच्या पाण्यातून काढत. नीळ पिंपात आंबवून विरघळवत. कापड बाहेर काढले की हवेतल्या ऑक्सिजनने तीच नीळ धाग्यात पुन्हा घट्ट बसे. त्या रंगणीचे पाणीही ओढ्यानाल्यांतच जाई, पण काम लहान होते आणि पाणी पुष्कळ होते.

१८५६ मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला डांबरापासून मिळालेल्या ॲनिलिनमधून जांभळा रंग सापडला आणि हे प्रमाण मोडले. त्याने ग्रीनफर्ड येथे कालव्याकाठी कारखाना काढला. १८५८ मध्ये पेटर ग्रीस याने ज्या अभिक्रियेचे वर्णन केले, तिच्यातून पुढे ॲझो रंगांचे कुटुंब उभे राहिले. नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेला गट ही त्यांची खूण. आज वापरात असलेल्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून अधिक याच कुळातले आहेत. ऊन, साबण आणि घाम यांना दाद देऊ नये अशीच या रेणूंची घडण केली गेली. नदीतल्या जिवाणूंनाही ते दाद देत नाहीत, ते त्यामुळेच.

अडचण खरी वाढली ती १९५६ नंतर. त्या वर्षी इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने सुती कापडासाठी ‘प्रोसिऑन’ हे रिॲक्टिव्ह रंग बाजारात आणले. हे रंग धाग्याशी रासायनिक बंधानेच जोडले जातात, म्हणून ते चमकदार आणि टिकाऊ. पण रंगणीच्या अल्कधर्मी पाण्यात रंगाचा काही भाग धाग्याऐवजी पाण्याशीच संयोग पावतो. तो मग धाग्याला चिकटत नाही. धुण्याबरोबर वाहून जातो. हा वाया जाणारा भाग दहा टक्क्यांपासून कधी निम्म्यापर्यंतही भरतो. शिवाय रंग धाग्याकडे ढकलण्यासाठी घातलेले भरमसाट मीठ पाण्यातच राहते.

हे पाणी स्वच्छ करण्याचे पहिले उपाय साधे होते: चुना, तुरटी किंवा लोहक्षार घालून गाळ खाली बसवणे. १९१४ मध्ये मँचेस्टर या कापडाच्याच शहरात आर्डर्न आणि लॉकेट यांनी हवा खेळवून जिवाणूंकरवी सांडपाणी शुद्ध करण्याची पद्धत मांडली. मैल्याच्या पाण्यासाठी ती उत्तम ठरली; पण रिॲक्टिव्ह रंग तिच्यातून बरेचसे जसेच्या तसे बाहेर पडतात. हवेविना वाढणारे जिवाणू ॲझो बंध तोडतात, मात्र त्यातून होणारी काही अमाइने कर्करोगकारक असतात. क्लोरीनने कापड शुभ्र करण्याची युक्ती १७८५ पासून माहीत होती. तीच या पाण्यावर वापरली की रंग उडतो, पण क्लोरीनयुक्त घातक संयुगे मागे राहतात.

वेगळी वाट एका जुन्या निरीक्षणातून निघाली. हेन्री फेंटन याने १८९४ मध्ये लोहक्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणाने टार्टारिक आम्लाचे ऑक्सिडीकरण होते असे दाखवले होते. १९३४ मध्ये हाबर आणि वाइस यांनी त्यामागे हायड्रॉक्सिल हा क्षणजीवी मूलक असल्याचे मांडले. क्लोरीन किंवा ओझोनपेक्षा तो अधिक जहाल. सांडपाण्यासाठी या मिश्रणाचा अभ्यास १९६०च्या दशकात सुरू झाला.

हाच मूलक ध्वनीनेही तयार करता येतो; त्या ध्वनीचा धागा जहाजांपासून सुरू होतो. पंख्यांच्या पात्यांना खड्डे का पडतात, या प्रश्नाच्या ओघात लॉर्ड रॅली याने १९१७ मध्ये पाण्यातला बुडबुडा मिटण्याचे गणित मांडले. १९२७ मध्ये रिचर्ड्स आणि लूमिस यांनी कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीचे रासायनिक परिणाम नोंदवले. अशा ध्वनीने पाण्यात सूक्ष्म बुडबुडे फुगतात आणि क्षणार्धात मिटतात. मिटताना आतले तापमान सुमारे ५,००० केल्विनपर्यंत जाते आणि पाण्याची वाफ फुटून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात.

पण रंगाचा रेणू पाण्यात विरघळलेला असतो, बुडबुड्यात शिरत नाही. बरेचसे मूलक त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच एकमेकांशी जुळून पेरॉक्साइड होतात. म्हणून नुसता ध्वनी संथ पडतो. त्यात थोडे लोह घातले की वाया जाणारे हेच पेरॉक्साइड फेंटनच्या अभिक्रियेने पुन्हा कामाला लागते. दोन पद्धतींची सांगड बसते ती इथे.

या विषयात मुंबईचा वाटा मोठा आहे. १९३३ मध्ये सुरू झालेल्या, आज रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माटुंग्याच्या विभागात वस्त्ररसायन हा पहिल्यापासूनचा विषय. तिथे अनिरुद्ध पंडित आणि पराग गोगटे यांनी ध्वनीऐवजी पाणी अरुंद छिद्रातून वेगाने सोडून तसेच बुडबुडे निर्माण करण्यावर दीर्घकाळ काम केले. मोठ्या प्रमाणावर ही रीत कमी विजेत चालते. ध्वनियंत्रांची वीज आणि त्यांची झीज हाच कारखान्यांपुढचा मुख्य अडसर राहिला आहे.

रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे मात्र नव्हे. ॲझो बंध तुटताच रंग नाहीसा होतो, त्याचे तुकडे पुरते जळायला अधिक वेळ लागतो. मीठ तर कोणत्याही ऑक्सिडीकरणाने जात नाही. तमिळनाडूत तिरुप्पूरच्या रंगणीच्या पाण्याने नोय्याल नदीकाठची शेती खारावली आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथल्या रंगशाळा बंद करण्याचा आदेश दिला. त्या पुन्हा सुरू झाल्या त्या सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवर; आता तिथे रंग काढल्यावर पाणी गाळणपडद्यांतून जाते आणि मागे उरलेले मीठ पुन्हा रंगणीत वापरले जाते.