बंदी आणि तिची कारणे

जे वाचणे अनिष्ट वाटले, त्यावर बंदी घालण्याचा मोह ना राजसत्तेला आवरता आला, ना धर्मसत्तेला. रोमने १५५९ साली निषिद्ध ग्रंथांची सूची प्रसिद्ध केली आणि ती १९६६ पर्यंत टिकली. तिचे समर्थन करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ती सूची छापील होती. कोणता ग्रंथ निषिद्ध आहे, हे कोणालाही पाहता येत असे. आपल्या देशातील इंटरनेटवरील बंदीचा इतिहास चाळताना ही गोष्ट आम्हांस पुनःपुन्हा आठवते.

सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयातील एका फुटीरतावादी संघटनेशी संबंधित असा याहूवरील एक चर्चागट बंद करण्याचा आदेश केंद्र सरकारने दिला. नेमका तेवढाच गट वेगळा काढणे सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना साधले नाही. त्यांनी याहूवरील सारेच गट बंद केले. निदणाबरोबर गहूही उपटला गेला. पुढे ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात मोजकी पाने रोखण्याचा आदेश निघाला आणि पुन्हा तेच घडले : ब्लॉगस्पॉटवरील असंख्य निरुपद्रवी ब्लॉग काही दिवस दिसेनासे झाले. स्फोटग्रस्तांच्या आप्तांना माहिती मिळावी म्हणून मुंबईकर चालवीत असलेला एक ब्लॉगही त्याच ठिकाणी होता.

माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली दुरुस्ती झाली आणि ती २००९ मध्ये अमलात आली. तिच्यातील ६९-अ या कलमाने सरकारला संकेतस्थळे रोखण्याचा अधिकार दिला. देशाचे सार्वभौमत्व, संरक्षण, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणे त्यासाठी ठरवून दिली आणि ती लेखी नोंदवणे बंधनकारक केले. त्याच दुरुस्तीतून आलेल्या ६६-अ कलमाचा चटका आपल्या पालघरला बसला. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर चार शब्द लिहिले, दुसरीने त्यांस पसंती दर्शवली आणि दोघींनाही अटक झाली. या घटनेने अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ६६-अ रद्द केले. ६९-अ मात्र कायम ठेवले. कारणे लेखी नोंदवायची असल्यामुळे त्यांना उच्च न्यायालयात आव्हान देता येईल, हा त्यामागील एक आधार होता.

खरी मेख येथेच आहे. २००९ च्या नियमांतील सोळावा नियम या सर्व कारवाईबाबत कडक गुप्तता पाळण्यास सांगतो. कारणे लिहिली जातात, पण वाचकास ती दिसत नाहीत. जे दिसतच नाही, त्याला आव्हान कोणी आणि कसे द्यावे?

द्वेष पसरवणारे आणि दंगल पेटवणारे लिखाण रोखण्याचा अधिकार शासनास असावा, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु जानेवारी २०२० मध्ये, काश्मीरमधील इंटरनेटबंदीच्या प्रकरणात, बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. एखाद्या प्रदेशाचे इंटरनेट बंद करताना जो न्याय लागू होतो, तो एखादे पान बंद करताना का लागू होऊ नये? रस्ता बंद करणारा तेथे निदान पाटी तरी लावतो. नागरिकांनी शासनाकडे त्या पाटीची मागणी करावी, इतकेच आमचे म्हणणे आहे.