पाऊस आल्यानंतरचे ४८ तास

शेतातली सगळ्यात जोमदार पऱ्हाटी दोन दिवसांत माना टाकते. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या भारी जमिनीत कपाशी घेणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचे आहे. कृषी शास्त्रज्ञ त्याला ‘आकस्मिक मर’ म्हणतात. यात बुरशी नसते, कीड नसते, विषाणूही नसतो. बिघडते ती झाडाची शरीरक्रिया. खालचा घटनाक्रम कुणा एकाच्या शेताचा नाही. पावसाच्या मोठ्या खंडानंतर धो धो पाऊस कोसळला की असंख्य शिवारांत जे घडते, ते इथे, झाड पूर्ण मान टाकते तो क्षण ‘शून्य तास’ धरून, घड्याळाला बांधून मांडले आहे. जमीन, ऊन आणि वाण यांप्रमाणे तास मागेपुढे होतात, क्रम सहसा हाच राहतो.

४८ तास आधी : दुपारी चार

ऑगस्ट संपत आलेला. तीन आठवडे पावसाचा थेंब नाही. कपाशी ८०-९० दिवसांची, झाडावर पाते, फुले आणि बोंडे एकाच वेळी. काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. आभाळ भरून येते, पहिले टपोरे थेंब पडतात आणि बांधावरचा माणूस हात जोडतो.

त्या क्षणी झाडाच्या आतली अवस्था मात्र नाजूक असते. पानांवर हजारो पर्णरंध्रे असतात. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी. पाणी कमी पडले की त्या सैल पडतात आणि रंध्र मिटते. खंडाच्या दिवसांत दुपारच्या वेळी हेच चाललेले असते. खोडातल्या जलवाहिन्यांमध्ये पाण्याचा स्तंभ ताणला गेलेला असतो. वरून पान ओढते, खालून माती पाणी सोडत नाही, आणि पाण्याच्या रेणूंची एकमेकांवरची पकड तो स्तंभ अखंड ठेवते. डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये मांडलेले हे तत्त्व आजही झाडातल्या पाण्याच्या प्रवासाचा पाया मानले जाते. ताण फार वाढला तर स्तंभ तुटतो, वाहिनीत हवेचा बुडबुडा बसतो आणि ती निकामी होते. कोरड्या मातीत मूलरोमही, म्हणजे मुळाच्या सालीवरचे एकेका पेशीचे ते लांब धागे, मोठ्या प्रमाणात मरतात.

त्यातच बोंडांचा भार. पानात तयार झालेली साखर रसवाहिन्या बोंडांकडे ओढून नेतात आणि मुळांच्या वाट्याला उरलेसुरले येते. म्हणूनच ही मर शेतातल्या खुरट्या झाडांना सोडून लदबदलेल्या झाडांना गाठते. संकरित अमेरिकन कपाशीत ती जास्त दिसते, ती याच कारणाने. थोड्या दिवसांत भरपूर बोंडे धरण्याची तिची ताकद हाच तिचा दुबळा भाग ठरतो.

४२ तास आधी : रात्री दहा

पाऊस थांबतो. भेगा भरून वाहिल्या आहेत. काळी माती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात, मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून हवा बाहेर ढकलली जाते. वाफशाच्या जमिनीत पाणी आणि हवा शेजारी शेजारी असतात. आता सगळीकडे पाणीच आहे. पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे दहा हजारावा भाग. वर मोकळे आकाश असूनही वीतभर खाली मुळांपर्यंत प्राणवायू जवळपास पोचतच नाही.

भंडारा-गोंदियाच्या बांधीत भात अशा पाण्यात आठवडेच्या आठवडे सुखाने उभा असतो. त्याच्या खोडात आणि मुळांत वायू ऊती असते. काही पेशी ठरल्याप्रमाणे मरतात, त्यांच्या जागी लांब पोकळ्या तयार होतात आणि पानातली हवा त्यांतून मुळाच्या टोकापर्यंत उतरते. कपाशी मुळात कोरड्या मुलखातली. अशी तयार वाट तिच्या मुळांत नसते.

३६ तास आधी : पहाटे चार

मातीत उरलेला प्राणवायू दोघे मिळून संपवतात, मुळे आणि मातीतले सूक्ष्मजीव. उकाड्याच्या रात्री त्याला फार तास लागत नाहीत. पहिला फटका मुळाच्या टोकाला बसतो. तिथे विभाजी ऊती असते. तिच्या पेशी सतत विभागत असतात आणि त्यांना ऊर्जा सगळ्यात जास्त लागते.

प्राणवायू असताना पेशीला ग्लुकोजच्या एका रेणूपासून ३० च्या आसपास एटीपी, म्हणजे ऊर्जा पुरवणारे रेणू, मिळतात. तो संपला की मिळतात फक्त २. दमेपर्यंत धावणाऱ्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते. मुळाच्या पेशीतही आधी तेच तयार होते आणि त्यानंतर अल्कोहोल. वनस्पती आणि प्राणी यांच्या ऊती दिसायला आणि कामाला किती वेगळ्या, पण गुदमरण्याची पहिली पायरी दोघांची एकच आहे. फरक मुदतीचा. माणसाच्या मेंदूतली चेता ऊती प्राणवायूविना काही मिनिटांतच कायमची निकामी होऊ लागते. मुळाच्या ऊतीला काही तास मिळतात. शेत वाचायचे असेल तर ते याच तासांत वाचते.

३० तास आधी : सकाळी दहा

आभाळ अजून झाकलेले. शेतकरी फेरी मारून येतो. पाने तरारलेली, धूळ धुतली गेलेली, रंग हिरवागार. ओळींमध्ये पाणी साचलेले दिसते, पण तीन आठवडे ज्याची वाट पाहिली ते पाणी बाहेर काढून द्यावे असे कुणाला वाटेल? तो समाधानाने घरी परततो. मला हा क्षण सगळ्यात वाईट वाटतो, कारण या माणसाने हलगर्जी केलेली नाही. झाडानेच त्याला अजून काही सांगितलेले नाही.

जमिनीखाली मात्र पाण्याचा दरवाजा लागतो आहे. इथे झाडाच्या दोन ऊतींमधला फरक समजून घ्यायला हवा. जलवाहिनी ही मेलेल्या पेशींची ऊती. पेशी वाढते, भिंतींवर लिग्निनचा थर चढवते, आतले सगळे जिवंत द्रव्य संपवते आणि पोकळ नळी मागे ठेवते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एदुआर्द श्ट्रासबुर्गर यांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे धडधडीत दाखवून दिले. त्यांनी उंच झाडे बुंध्याशी कापून विषारी द्रावणात उभी केली. खोडातल्या जिवंत पेशी मेल्या, तरी द्रावण वर चढत राहिले. जलवाहिनीला श्वासाची गरजच नसते.

पण मातीतले पाणी त्या नळीपर्यंत पोचते ते जिवंत पेशींमधून. मूलरोमातून ते आत येते, मुळाच्या बाह्यकातल्या मृदू ऊती ओलांडते आणि शेवटी अंतस्त्वचेशी थांबते. अंतस्त्वचेच्या पेशींना कॅस्पेरियन पट्टीचा वेढा असतो. ही पट्टी पाण्याला पेशींच्या फटींतून घुसू देत नाही. पुढे जायचे तर पेशीच्या पटलातूनच जावे लागते, आणि त्या पटलात पाण्यासाठी प्रथिनांची सूक्ष्म छिद्रे असतात, ॲक्वापोरिन. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्र यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पेशीतला रस आम्लधर्मी झाला की ही छिद्रे मिटतात. गुदमरलेल्या मुळात नेमके तेच होते. नळी शाबूत, पाणी मुबलक, आणि मधली जिवंत ऊती पाणी पुढे सोडत नाही.

२२ तास आधी : संध्याकाळी सहा

मुळांकडून शेंड्याकडे एक रासायनिक निरोप निघतो. एसीसी नावाचा हा पदार्थ म्हणजे पाने-पाते गाळायला लावणाऱ्या इथिलीन वायूच्या आधीची पायरी. त्याचे इथिलीन व्हायला प्राणवायू लागतो, तो मुळाशी नाही. म्हणून तो तसाच मुळात साठतो आणि जलवाहिनीत जे थोडेफार पाणी चढते आहे त्याच्याबरोबर वर जातो. पानाशी हवा भरपूर, तिथे त्याचे इथिलीन होते. ब्रॅडफोर्ड आणि शांग फा यांग यांनी १९८० मध्ये पाण्यात बुडवलेल्या मुळांच्या टोमॅटोवर हा प्रवास सिद्ध केला. मुळे गुदमरल्याची शिक्षा पानांना आणि पात्यांना का मिळते, याचे उत्तर इथे आहे.

१० तास आधी : तिसऱ्या दिवशी सकाळी सहा

आभाळ निवळले. रात्रीच्या गारव्यात पानांची मागणी कमी होती, त्यामुळे झाड ताठ दिसते. ओळींमध्ये पाणी अजून तुंबलेलेच.

५ तास आधी : सकाळी अकरा

पावसानंतरचे कडक, धुतलेले ऊन. पर्णरंध्रे उघडतात, पान पाणी उडवू लागते आणि खालून भरपाई होत नाही. पेशींमधला पाण्याचा दाब उतरतो. पानाच्या मृदू ऊतीला उभे राहायला हाच दाब लागतो. तो गेला की पान लोंबते. आधी शेंड्याकडची पाने, मग सगळे झाड. शेजारचे झाड मात्र ताठ. रांगेत एखादे, पुढे चार सोडून दुसरे.

शून्य तास : दुपारी चार

झाड पूर्ण मान टाकते. मागच्या पावसाला याच वेळी सुरुवात झाली होती. संध्याकाळ होते, ऊन उतरते, तरी पाने वर येत नाहीत. येत्या दिवसांत ती लालसर, तांबूस होतील. देठाच्या बुडाशी विलगनाचा थर असतो, लहान पेशींची एक आडवी पट्टी. इथिलीनच्या सांगण्यावरून तिथल्या पेशी आपल्या भिंतींमधले पेक्टिन आणि सेल्युलोज विरघळवणारी विकरे सोडतात. पाने गळतात, पाते गळतात, कोवळी बोंडे गळतात. थोडी जून झालेली बोंडे भरण्याआधीच उकलतात आणि त्यांतला कापूस हलका, कमजोर निघतो.

त्यानंतर

इथे बहुतेक वेळा निदान चुकते आणि पैसा वाया जातो. झाड उपटून पाहा. मुळकुजीत ते सहज हातात येते आणि मुळाची साल सोलून निघते. बुरशीजन्य मर असेल तर खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी-काळ्या रेषा दिसतात, कारण बुरशीने जलवाहिन्याच बुजवलेल्या असतात. आकस्मिक मरीत झाड घट्ट रुतलेले असते आणि खोड आतून स्वच्छ असते. या दोन खुणा पाहिल्याशिवाय कुणीही औषध विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लक्षणे दिसताच पहिल्या एक-दोन दिवसांत उपाय केला तर बरीच झाडे सावरतात. इथिलीन तयार होणे रोखण्यासाठी कोबाल्ट क्लोराइडची दर लिटर पाण्यात १० मिलिग्रॅम, म्हणजे २०० लिटरला २ ग्रॅम, या प्रमाणात फवारणी सुचवली जाते. झाडाच्या बुडाशी युरिया, पोटॅश आणि कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणीही सांगितली जाते. तिचे प्रमाण जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडून घ्यावे. पण पाणी तुंबलेले असताना केलेली कोणतीही आळवणी गुदमरलेल्या मुळावर आणखी पाणी ओतते. आधी चर, मग वाफसा येताच हलकी डवरणी, म्हणजे मातीत पुन्हा हवा शिरेल. मूळ जिवंत असेल तर खोडावरच्या सुप्त कळ्यांमधली विभाजी ऊती जागी होते आणि नवी पालवी फुटते. गळालेली बोंडे मात्र परत येत नाहीत.

म्हणून कपाशी घेणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे. मोठ्या खंडानंतर जोराचा पाऊस झाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी झाडे कितीही टवटवीत दिसोत, फावडे घेऊन शेतात जा आणि उताराच्या दिशेने चर काढून साचलेले पाणी बाहेर काढा. त्या सकाळी तुमच्या हातात अजून तीस तास असतात.