पाटणचा शिलालेख आणि विषम गतीच्या गणिताचा प्रसार

खानदेशांत चाळीसगांवाजवळील पाटण येथील शिलालेख अभ्यासकांस नवा नाहीं. डॉ. भाऊ दाजी यांनीं १८६५ मध्यें तो प्रसिद्धीस आणिला. पुढें १८९२ मध्यें किलहॉर्न यांनीं त्याचें संपादन केलें. भास्कराचार्यांच्या वंशावळीसाठीं त्याचा आधार नेहमीं घेतला जातो. त्यांतील मठाच्या उद्देशाकडे मात्र आम्ही येथें वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

भास्कराचार्यांचा नातू व सिंघण यादवाचा ज्योतिषी चंगदेव यानें सिद्धांतशिरोमणि आणि आपल्या कुळांतील इतर ग्रंथ शिकविले जावे म्हणून हा मठ स्थापिला. निकुंभवंशीय सोइदेवानें त्यास शके ११२८, प्रभव संवत्सरीं, श्रावणी पौर्णिमेस चंद्रग्रहणसमयीं दान दिलें. हा दिवस ९ ऑगस्ट १२०७ ठरतो.

ग्रहणाची वेळ साधणें हीच या शास्त्राची कसोटी. चंद्राची गति क्षणोक्षणीं पालटते. दोन दिवसांच्या स्थानांतील अंतर साठ घटिकांत सारखें वांटल्यास पर्वकाळ चुकतो. म्हणून शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें रचिलेल्या सिद्धांतशिरोमणींत भास्कराचार्यांनीं तात्कालिक गति सांगितली. चाप किंचित् वाढल्यास ज्या किती वाढते, हें त्या ठिकाणच्या कोटिज्येच्या प्रमाणांत असतें, हें त्याचें मर्म. आज ज्यांस अरेखीय म्हणतात, त्या विषयांशीं हा विचार सजातीय आहे.

असें गणित केवळ नकलांनीं टिकत नाहीं. कोष्टक कोणीही लेखक उतरून घेईल. परंतु कोटिज्येनें कां गुणावयाचें, ही उपपत्ति गुरूनेंच उलगडावी लागते. मुद्रणकलेपूर्वीं ग्रंथ प्रसिद्ध होणें म्हणजे तो नित्य शिकविला जाणें होय, आणि त्यास खर्च लागतो. तो कोठून येत असे, हें लेखाचा शेवट सांगतो. तेथें संस्कृत सुटून मराठी सुरू होते: बाजारांतील व्यवहारांवरील अंश, आणि दर घाण्यामागें पळीभर तेल. ज्यांनीं द्यावयाचें त्यांस कळावें म्हणूनच भाषा बदलली असावी, असें आम्हांस वाटतें. ज्येच्या सूक्ष्म वाढीचें गणित खानदेशांतील तेल्यांच्या पळीवर पोसलें जावें, हें लहान गौरव नव्हे.

जामनेर, चाळीसगांव आदि ठिकाणच्या जुन्या घराण्यांत ज्योतिषाचे बस्ते असल्यास संग्राहकांस आमची एक विनंति आहे. मूळ संहिता अन्यत्रही मिळते. समासांतील टिपा व सोडविलेलीं उदाहरणें मिळत नाहींत. उदाहरणास घेतलेला शक आणि गांव यांवरूनच ग्रंथ कोठें व केव्हां शिकविला गेला, हें उमगतें. अशीं सुटीं पानें रद्दींत जाऊं देऊं नयेत.