अडकलेला बोल्ट

यंत्राचे दोन भाग घट्ट जोडता यावेत व गरज पडेल तेव्हा ते पुन्हा सुटे करता यावेत, यासाठी बोल्ट वापरतात. रिव्हेट किंवा वितळजोड यांहून त्याचे वेगळेपण या दुसऱ्या गुणातच आहे. गंजामुळे आटे धरून बसले किंवा डोक्याचे कोपरे झिजून पाना घसरू लागला, म्हणजे हा गुण नाहीसा होतो. मोटारगाडीची घरी दुरुस्ती करताना नेहमी येणाऱ्या या अडचणीची कारणे काही अंशी रासायनिक, तर काही अंशी ऐतिहासिक आहेत.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रत्येक बोल्टाचे आटे त्याच्या नटापुरतेच पाडलेले असत. एकाचा नट दुसऱ्यास बसत नसल्याने यंत्र उघडताना जोड्यांवर खुणा कराव्या लागत. बोल्ट तुटला, तर तो नव्याने घडविण्यावाचून गत्यंतर नसे. हेन्री मॉडझ्ली यांनी १८०० च्या सुमारास आटे पाडणाऱ्या लेथमध्ये सुधारणा करून एकसारखे स्क्रू बनविणे शक्य केले. त्यांच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५° कोनाच्या आट्यांचे प्रमाण सुचविले. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६०° कोन व सपाट माथा असलेले, बनविण्यास सोपे आटे पुढे मांडले. व्हिटवर्थ पद्धतीत अर्धा इंची बोल्टास दर इंचास १२, तर सेलर्स पद्धतीत १३ आटे येतात. त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर एखाददुसरा फेरा फिरतो व मग अडकतो. जोर लावल्यास दोन्हींचे आटे बिघडतात.

प्रमाणातील अशा विसंगतीचे परिणाम कारखान्यापुरते मर्यादित राहिले नाहीत. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतील बॉल्टिमोर शहरास आग लागली, तेव्हा इतर शहरांतून मदतीस आलेल्या अनेक बंबांच्या नळ्यांची जोडणी तेथील पाण्याच्या तोट्यांना बसेना. या आगीत १,५०० हून अधिक इमारती जळाल्या. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांना सुट्या भागांच्या बाबतीत हीच अडचण आल्याने अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी १९४८ मध्ये समाईक इंची प्रमाण मान्य केले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय मेट्रिक प्रमाणाचा प्रसार होत गेला.

भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली; परंतु रस्त्यावर दोन्ही पद्धतींच्या गाड्या दीर्घकाळ एकत्र धावत होत्या. ब्रिटिश मॉरिसच्या नमुन्यावर बनलेल्या अँबॅसडरचे व जीपचे बोल्ट इंची, तर इटालियन नमुन्याच्या फियाटचे मेट्रिक असत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. अशा डोक्यावर १३ मिमी.चा पाना बसतो खरा, पण ०.३ मिमी. फटीमुळे सारा जोर कोपऱ्यांवर येऊन ते गोल होतात. जुन्या व्हिटवर्थ पान्यांवर जबड्याचे माप नसून बोल्टाच्या दांड्याचा व्यास कोरलेला असे, त्यामुळे गोंधळात भरच पडे.

लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो व आट्यांमधील फट भरून टाकतो. ॲल्युमिनियमाच्या भागात पोलादी बोल्ट असल्यास ओलाव्यामुळे विद्युत् रासायनिक क्षरणही होते. पूर्वापार उपाय म्हणजे रॉकेल किंवा पातळ तेल मुरू देणे, डोक्यावर हलके ठोके देऊन गंज मोकळा करणे आणि बोल्ट थोडा पुढेमागे फिरवणे. उष्णता द्यावयाची ती शक्यतो नटास वा सभोवतालच्या भागास देतात. तो प्रसरण पावला की पकड सैल होते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावत असल्याने तेथे हा उपाय विशेष गुणकारी ठरतो. मात्र पेट्रोलची टाकी व ब्रेकच्या नळ्या यांजवळ ज्योत वापरणे धोक्याचे असते.

विसाव्या शतकात या कामासाठी खास साधने आली. नेब्रॅस्कातील लोहार विल्यम पीटरसन यांना १९२४ मध्ये पकडीत अडकून राहणाऱ्या पक्कडीचे एकस्व मिळाले. कोपरे गेलेले डोकेही तिने धरता येते. डोके तुटल्यास दांड्याच्या मध्यभागी भोक पाडून त्यात डाव्या आट्यांचा निष्कर्षक घालतात. तो उलट फिरवला असता अधिकाधिक रुतत जातो व बोल्टास सोडवून आणतो. परंतु त्याचे पोलाद कठीण व ठिसूळ असते. तो आतच तुटल्यास साधे ड्रिल त्यास कापू शकत नाही व मूळ अडचण दुणावते. म्हणूनच अनुभवी कारागीर आधी तेल व वेळ देतात आणि जोर सर्वांत शेवटी लावतात.