राहुरीचे पाणी

साधारण 1875 साल. नाशिकजवळच्या जलालपुरात, गोखल्यांच्या अंगणात तुम्ही उभे आहात. तुमच्या हातातली मिठाची पुडी कोणी घेत नाही. लांब ठेवा, म्हणतात. आधी मीठ धुतले जाईल, मगच आत जाईल. बाहेरून येणारा प्रत्येक जिन्नस इथे असाच धुतात. सत्तावनच्या बंडानंतर घरधन्याच्या सासऱ्यांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यापासून त्याला सोवळ्याने पुरते पछाडले आहे. बायकामुलांचे हात पाण्यात राहून पांढरे पडतात. दारात एक लहान मुलगी हे बघते आहे. मनकर्णिका तिचे नाव. तिला नीट पाहून ठेवा.

आता पंचवीस वर्षे ओलांडा. दौंड-मनमाड लोहमार्गावर राहुरीला उतरा. साल 1900, दुष्काळ अजून उठलेला नाही. तुमची बैलगाडी धुळीतून गावाकडे निघते. वाटेत विहिरींचे तळ दिसतात आणि पोटे खपाटीला गेलेली मुले दिसतात. ख्रिस्ती मिशनच्या आवारात अशी कितीतरी मुले येऊन पडली आहेत. कोणी महाराचे, कोणी मांगाचे, कोणाला आपली जात सांगायलाही आई उरलेली नाही. त्यांच्यात वावरणारी, पदर खोचलेली बाई तुम्ही ओळखलीत का? मीठ धुणाऱ्या घरातली तीच मनकर्णिका. लग्नानंतर ती लक्ष्मी झाली, कवी नारायण वामन टिळकांची बायको.

टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा नातेवाइकांच्या घरांत जणू सुतक आले. लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन काही वर्षे माहेरच्यांच्या आधाराने राहिल्या. मग नवऱ्याकडे आल्या, पण सोवळे सोबत घेऊनच. चूल वेगळी, पाण्याची घागर वेगळी. ख्रिस्ती नवऱ्याच्या हातचे पाणी चालत नव्हते. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. पाद्री टिळक मला ज्या गोष्टींसाठी मोठे वाटतात, त्यात ही फार वर आहे.

मग एका प्रवासात लक्ष्मीबाईंनी स्वतःलाच विचारले की जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती, तर जनावरांत जसा गाय-घोड्याचा भेद डोळ्यांना दिसतो, तसा माणसांतही दिसला असता. दिसत तर नाही. म्हणजे हे आपलेच काम. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायचे, असे त्यांनी ठरवले. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हे त्यांनी साध्या घरगुती भाषेत सांगितले आहे, आणि म्हणूनच ते पटते. बाप्तिस्मा पुढे, 1900 मध्ये, इथेच राहुरीला झाला. आवारात उभे राहून तुम्हीच ताडून पाहा. मला विचाराल तर बाप्तिस्म्याच्या पाण्यापेक्षा परक्या हातच्या पाण्याचा पहिला घोट जास्त अवघड होता. ख्रिस्ताची ओळख वाढत गेली आणि त्या घोटाला अर्थ मिळाला. ज्यांना शिवायचे नाही असे लहानपणी शिकवले, त्यांचीच पोरे लक्ष्मीबाईंनी पोटाशी धरली.

राहुरी ज्या नगर जिल्ह्यात, त्याला ही वाट नवी नव्हती. अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये नगरला आले. 1839 मध्ये हरी रामचंद्र खिस्ती या ब्राह्मणाने बाप्तिस्मा घेतला. याच मिशनच्या मिस फरार यांची नगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी 1848 मध्ये पुण्यात शाळा काढली. पण ख्रिस्ती झाले की जात आपोआप गळून पडते, असे समजू नका. मूळचा कोण, हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीतही कुजबुजत राहिला. टिळकांनी त्याच्याविरुद्ध लेखणी झिजवली, आणि परदेशी चालींवर गाणाऱ्या मंडळींच्या हाती टाळ-मृदंग आणि अभंग दिले.

आणखी थोडे पुढे चला, 1907 नंतरच्या नगरला. टिळकांच्या घरी एक तरुण मुक्कामाला आहे, त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी. हा हिंदू ब्राह्मण मुलगा ख्रिस्ती चुलीवरचे जेवतो, घरातल्यासारखा रुसतो, आणि लक्ष्मीबाई त्याला मुलासारखे सांभाळतात. त्याने धर्म बदलावा म्हणून त्याच्या ताटातला घास कमी झाला नाही. बालकवी शेवटपर्यंत हिंदूच राहिले.

आता परत या. 'स्मृतिचित्रे' घरात नसेल तर मिळवून वाचा. आणि घरी कामाला येणाऱ्या बाईसाठी कपाटात वेगळा पेला ठेवलेला असेल, तर तो आजच इतर पेल्यांत मिसळून टाका.